पन्नाशीच्या आसपासचे आजार : मराठवाड्यातील माणसाने नेमके काय तपासावे, काय सांभाळावे?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. पंचेचाळीस ते पासष्ट या वयातील माणसांच्या प्रकृतीविषयी हा धागा काढत आहे. या वयात एकीकडे आई-वडिलांची औषधे आणि दुसरीकडे मुलांची शिक्षणे, लग्ने असतात, आणि स्वतःची तपासणी मात्र ‘रब्बी निघाल्यावर बघू’, ‘दिवाळीनंतर बघू’ असे म्हणत पुढे ढकलली जाते. आमच्या भागात अलीकडे ज्यांच्या अंगावरून वारे गेले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आपला रक्तदाब वाढलेला आहे हे आधीच ठाऊक होते. त्यांना गोळ्याही सुरू झाल्या होत्या, परंतु बरे वाटू लागल्यावर त्यांनी त्या आपल्या मनाने बंद केल्या होत्या. म्हणून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे आजार कळण्यापेक्षा तो कळल्यानंतर सांभाळण्यात माणसे जास्त कमी पडतात.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. दरवर्षी खरोखर आवश्यक अशा तपासण्या कोणत्या? आणि गावात राहणाऱ्या, शेती किंवा लहानसा व्यवसाय करणाऱ्या माणसाला झेपतील असे कोणते बदल घरात करावेत? आपण किंवा आपल्या घरच्यांनी प्रत्यक्ष काय केले, तेही लिहावे.

माजलगावकर

धागा अगदी वेळेवर काढलात. शहरातील प्रयोगशाळा हल्ली ‘संपूर्ण शरीर तपासणी’ म्हणून साठ-सत्तर चाचण्यांचे पॅकेज देतात. माझ्या मेहुण्यांनी ते केले. हातात अनेक पानांचा अहवाल आला आणि त्यात चार आकडे लाल रंगात होते. ते चारही किरकोळ निघाले, पण तोपर्यंत घरातील सगळ्यांची झोप उडाली होती. रक्तदाब मात्र त्या पॅकेजमध्ये कोणी मोजलाच नव्हता. अशा पॅकेजचा खरोखर उपयोग होतो का, हे डॉक्टर मंडळींनी सांगावे.

डॉ_ग्रामीण (अंबाजोगाई परिसर)

माजलगावकर यांनी नेमका मुद्दा मांडला आहे. या वयात सर्वांत महत्त्वाची तपासणी रक्तदाबाची आहे आणि तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजावा. मात्र मोजण्याची पद्धत योग्य हवी. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. आपल्याकडे रुग्ण जिना चढून येतो, स्टुलावर बसतो, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो आणि मोजणे चालू असताना शेजारचा माणूस त्याच्याशी बोलत राहतो. अशा वेळी आलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असू शकतो आणि त्यावरून विनाकारण औषध सुरू होते किंवा वाढते.

दुसरी तपासणी साखरेची. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेह समजला जातो, पण त्रास काहीच नसेल तर चाचणी पुन्हा करून खात्री करून घेतात. उपाशीपोटी १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची अवस्था आहे आणि खरे काम तिथेच करता येते. एक सूचना आवर्जून करतो. आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांमध्ये, रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे आणि रक्तक्षयात एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. म्हणून तो उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेशी ताडून पाहावा.

याशिवाय कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तचाचणी), लघवीतील प्रथिने आणि कंबरेचा घेर एवढे पाहिले तरी बरेचसे काम होते. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला की वजन बेताचे असले तरी सावध व्हावे. हातपाय बारीक आणि पोट मात्र सुटलेले, अशी शरीरयष्टी आपल्याकडे पुष्कळ दिसते आणि मधुमेह तिथेच लवकर येतो. मोठ्या पॅकेजची गरज नाही. लक्षणे नसताना सरसकट केलेल्या चाचण्यांतून उपचारांपेक्षा काळजीच जास्त निर्माण होते.

उदगीरवासी

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. आमचे आजोबा ऐंशी वर्षे जगले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, ठेचा आणि दिवसभर रानातले काम. त्यांनी आयुष्यात कधी साखर तपासली नाही. आपण ज्वारी सोडून गव्हाच्या पोळीला आणि भाताला लागलो, तिथूनच हे आजार शिरले. तपासण्यांच्या मागे लागण्यापेक्षा जुना आहार परत आणावा असे मला मनापासून वाटते.

तेरणाकाठी (धाराशिव)

उदगीरवासी यांच्या भावनेचा आदर आहे आणि त्यातील अर्धा भाग मलाही मान्य आहे. पण ऐंशी वर्षे जगलेले आजोबा आपल्याला आठवतात. त्याच पिढीत पन्नाशीत ‘अचानक’ गेलेल्या माणसांचे कारण कोणी शोधलेच नाही, म्हणून ती माणसे आपल्या हिशेबात येत नाहीत.

ज्वारीविषयी आणखी एक सांगायला हवे. ज्वारी पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा निश्चितच बरी, तिच्यात तंतू जास्त असतात आणि पोट लवकर भरते. तरीही १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. मधुमेही माणसाने ‘ज्वारी चालते’ असे ऐकून तीन-साडेतीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. आमच्या घरी वडिलांच्या ताटाची मांडणीच बदलली. आधी काकडी, मुळा, कांद्याची पात, मग वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, भाजी आणि त्यासोबत एक भाकरी. त्यांची साखर खाली आली, आणि भाकरी सोडावी लागली नाही याचे त्यांना जास्त समाधान आहे.

शिवाय आजोबांचे काम आणि आजचे काम यांत फरक पडला आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि रानात जायला मोटारसायकल असते. पेरणी-काढणीच्या दिवसांत शरीर कामाने मोडून निघते आणि उरलेले महिने बसून जातात. त्यामुळे ‘आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला व्यायाम कशाला’ हे आता खरे राहिलेले नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांमध्ये केवळ आहार आणि चालणे यांतील बदलांनी तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीचा परिणामही जवळपास तेवढाच होता.

उदगीरवासी

ताटाच्या मांडणीचा मुद्दा पटला. उंबरठ्यावरच्या माणसाची एवढी सुधारणा होत असेल, तर उपाशीपोटीची साखर तपासलीच पाहिजे, हे मान्य करतो. ज्वारीविषयीचा माझा आग्रह मात्र कायम आहे.

सुमनताई_बीड

आतापर्यंतची चर्चा पुरुषांभोवतीच फिरली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या लहान वयात काढल्या जातात हे सर्वांनी वाचले असेल. २०१९ साली शासनाने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. तोडीत खाडा झाला की उचलीतून (मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेतून) पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा ना पाणी, आणि अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. त्या वेळी तीस-पस्तीस वर्षांच्या असलेल्या या बायका आता पंचेचाळिशीकडे येत आहेत. ज्यांची अंडाशयेही काढली गेली, त्यांची पाळी एकदम थांबली आणि हाडांना व हृदयाला मिळणारे नैसर्गिक संरक्षण फार लवकर गेले. कंबरदुखी, अंगात वाफा येणे, झोप न लागणे, साध्या पडण्याने मनगट मोडणे हे सगळे त्यांच्या वाट्याला वेळेआधीच येते. अशी शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बहिणीने आपले कागद शोधून अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत हे पाहावे आणि दवाखान्यात ते आवर्जून सांगावे. हाडांची तपासणी आणि औषधे यांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

ज्यांची पाळी नैसर्गिकरीत्या गेली आहे, त्यांना एकच कळकळीने सांगते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्ताचा डाग जरी दिसला तरी तो उष्णतेचा समजून घरी थांबू नका. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असते आणि त्या टप्प्यावर उपचार चांगले होतात.

आणि मिशरी. आमच्या वस्तीतील पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायका पहाटे चुलीवर तंबाखू भाजून मिशरी करतात आणि दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार-पाच वेळा लावतात. मिशरी म्हणजे तंबाखूच आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल किंवा तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, तर लगेच दाखवावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरच्या घरी पाहता येते. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्या पुरुषांनीही हे पाहावे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कोणत्या टपरीवर मिळतो हे गावातील शाळकरी पोरालाही माहीत असते.

कल्याणी_लातूर

ताई, अगदी मनातले लिहिलेत. यात एक भर घालते. तिशीच्या पुढील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, तर स्त्रियांची त्याशिवाय स्तन व गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी सरकारी कार्यक्रमात विनामूल्य होते. उपकेंद्रांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात, तिथे चौकशी करावी. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरून घेतात, त्यात कंबरेचा घेर, तंबाखू आणि घरातील आजार विचारलेले असतात. अनेक जण तो अर्ज टाळतात किंवा काहीही उत्तरे देतात. तसे करू नये, कारण तपासणीला आधी कोणाला बोलवायचे हे त्यावरून ठरते.

निवृत्त_तलाठी (परभणी)

गुडघ्यांविषयी कोणीच लिहिले नाही. आमच्या वयाची निम्मी मंडळी गुडघ्यांनी त्रस्त आहेत आणि त्यांतील बहुतेक जण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढतात. आमच्या एका स्नेह्यांनी वर्षानुवर्षे अशा गोळ्या घेतल्या, आणि भर उन्हाळ्यात हगवण लागली तेव्हा त्यांचे क्रिएटिनिन एकदम चढले. आता ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. गोळ्यांचा आणि मूत्रपिंडाचा संबंध असतो का, हे डॉक्टरांनी स्पष्ट करावे.

डॉ_ग्रामीण

संबंध नक्की असतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. निरोगी माणसाने दोन-चार दिवस घेतल्या तर सहसा अडचण येत नाही. परंतु मधुमेह किंवा रक्तदाब आधीपासून आहे, बाहेर बेचाळीस अंश तापमान आहे, माणूस रानात घाम गाळतो आहे, पाणी पुरेसे प्यायलेला नाही आणि वर या गोळ्या रोज चालू आहेत, अशी स्थिती आली की मूत्रपिंड थकते. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे सारे एकत्र येते. रक्तदाबाच्या काही औषधांसोबत तर हा धोका आणखी वाढतो. दुखणे अगदीच असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून बेताच्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे, आणि पावडर किंवा पुडी स्वरूपातील कोणतेही अनोळखी ‘सांधेदुखीचे औषध’ घेऊ नये. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने दोन दिवसांत आराम वाटतो, साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात.

गुडघ्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणे हा चांगला उपाय आहे. खुर्चीवर टेकून बसावे, एक पाय सरळ करावा, पंजा आपल्याकडे ओढावा, मनात दहा मोजेपर्यंत तसाच धरावा आणि सावकाश खाली न्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिन्या-दीड महिन्यात जिना चढताना फरक जाणवू लागतो. वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे अभ्यासात मोजले गेले आहे. घरात जमिनीलगतचे शौचालय असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, तीही आणावी.

दुधना_किनारा (जालना)

सांधेदुखीच्या संदर्भात बोअरच्या पाण्याचा विचार व्हावा. नांदेड, बीड आणि अन्य जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेले की मान आणि कंबर ताठ होते, वाकता येत नाही आणि लोक त्यालाच वाताचा त्रास समजतात. गावातील मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत असतील तर पाण्याचा नमुना तपासायला द्यावा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते.

माजलगावकर

मिठाविषयी आमच्या घरातील एक हिशेब सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. म्हणजे पाच जणांच्या घरात एक किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरायला हवा. सौभाग्यवतींनी पुडा फोडला की त्यावर तारीख लिहायला सुरुवात केली, तेव्हा तो तीन आठवड्यांतच संपतो असे दिसले. त्यातच पापड, खारोड्या, लोणचे आणि फरसाण यांतले मीठ वेगळेच. आता ठेच्यात मीठ निम्मे आणि लिंबू जास्त, पिठात मीठ अजिबात नाही, आणि ताटात कोपऱ्याला मीठ वाढण्याची पद्धत बंद केली आहे. सुरुवातीचे काही दिवस मुलांनी कुरकुर केली, नंतर तीच चव अंगवळणी पडली.

कल्याणी_लातूर

हा तारखेचा उपाय फारच छान आहे. आजच करते.

बालाघाट_वाटसरू

उपवास आणि पायी वाऱ्यांविषयी कोणी लिहील का? आमच्याकडून कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जातात, पैठणहून नाथांच्या पालखीसोबत कितीतरी साठीच्या पुढचे लोक पंढरपूरला जातात. त्यांत मधुमेही असतातच. श्रद्धा सोडा असे कोणी म्हणणार नाही, पण काय काळजी घ्यावी?

डॉ_ग्रामीण

मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू कमी होते, त्यामुळे तापलेल्या डांबरावर पाय भाजले तरी ते कळत नाही आणि जखम चिघळल्यावर घरी पोहोचलेला माणूस दाखवायला येतो. पायाला मुंग्या येत असतील किंवा ‘कापसावर चालल्यासारखे’ वाटत असेल, तर अनवाणी चालू नये. चपलेऐवजी पूर्ण झाकलेले मऊ बूट आणि मोजे घालावेत, आणि मुक्कामी प्रत्येक रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर सोबत्याला सांगावे. मुंग्यांचे कारण प्रत्येक वेळी मधुमेहच असते असेही नाही. माळकरी, पूर्ण शाकाहारी मंडळींत जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होते, म्हणून तेही तपासावे.

नवरात्राच्या किंवा श्रावणाच्या उपवासात ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे दिसताच साखरपाणी द्यावे, मात्र माणूस शुद्धीवर असेल तरच. उपवासाआधी मात्रा विचारून घ्यावी. आणि साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने चढते. त्यापेक्षा भगर, दही, राजगिरा आणि मूठभर शेंगदाणे बरे.

तेरणाकाठी

गोदाकाठ यांनी सुरुवातीला अंगावरून वारे जाण्याचा उल्लेख केला होता, तिकडे वळतो. अजूनही आपल्याकडे असा रुग्ण आधी लकव्याच्या औषधासाठी दूरच्या गावी नेला जातो आणि दवाखाना दुसऱ्या दिवशी गाठला जातो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोली अडखळणे यांपैकी काहीही एकाएकी दिसले तर १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्यावे. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी स्कॅन आवश्यक असतो. म्हणून त्रास नेमका कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. तोंडात पाणी घालू नये, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते. शेजाऱ्याची रक्तदाबाची गोळी जिभेखाली ठेवण्याचा प्रकारही पाहिला आहे, तो तर पूर्णपणे टाळावा.

सुमनताई_बीड

आणि छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा हातात कळ हे ‘पित्त’ समजून सोडा पाजत बसू नये. बायकांत आणि मधुमेही माणसांत तर छातीत न दुखता नुसता दम लागून किंवा एकाएकी गळून जाऊनही झटका येतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांना विचारून उपाय करण्यात रात्र घालवू नका, ईसीजी काढून घ्या.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासण्या आणि घरातील बदल यांविषयी पुष्कळ स्पष्टता आली. माझ्या मूळ मुद्द्यावर मात्र डॉक्टरांना पुन्हा विचारतो. ज्यांनी गोळ्या मध्येच सोडल्या आहेत, त्यांना परत मार्गावर कसे आणावे? ‘एकदा सुरू केली की जन्मभर’ ही भीती, आणि दर महिन्याचा खर्च, ही दोन कारणे मला सगळीकडे ऐकू येतात.

डॉ_ग्रामीण

घरात पडून असलेल्या जुन्या पाकिटातील गोळी स्वतःहून सुरू करू नये. आधी दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा, जमल्यास सोबत क्रिएटिनिन पाहावे, म्हणजे आज गरज किती आहे हे ठरवता येते. आकडा फारच चढलेला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. औषध सुरू केल्यावर महिन्याभरात पुन्हा यावे.

जन्मभर घ्यावी लागण्याविषयी खरे तेच सांगतो. बहुतेकांना ती दीर्घकाळ लागते, आणि आकडा नीट आला आहे तो गोळीमुळेच. मात्र वजन, मीठ, दारू, तंबाखू आणि चालणे यांत खरा बदल केलेल्या काही जणांची मात्रा आम्ही कमी करतो, क्वचित बंदही करतो. ते मोजमाप ठेवून टप्प्याटप्प्याने होते. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळायला हव्यात, आणि तिथे साठा नसेल तर जनऔषधी केंद्रात अगदी कमी किमतीत मिळतात. गोळीने पाय सुजले किंवा कोरडा खोकला लागला म्हणूनही कित्येक जण ती सोडून देतात आणि कोणाला सांगत नाहीत. असे झाले तर आम्हाला येऊन सांगा, दुसरे औषध देता येते.

गोदाकाठ

हे शेवटचे अनेकांना ठाऊकच नसावे. आमच्या गल्लीतील दोघांनी पाय सुजले म्हणूनच गोळी सोडली होती. सोमवारी त्यांना घेऊन केंद्रावर जातो. तिथे काय सांगितले, ते इथेच लिहीन.